एकदाच सांगायचं

सेंतो थोरोंका रोकान्थेच्या बाजारात धुरी दिलेले बोंगा मासे विकते. पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं की राखेनं हात घासते, कमरेला गुंडाळलेलं लाप्पाचं कापड झटकते आणि तिकडे जाऊन दुसऱ्यांची दुःखं बोलते. मासे हा तिचा धंदा. दुसरं जे आहे त्याला काय म्हणायचं, ते तिचं तिलाच अजून ठरवता आलेलं नाही.

शाळेत ती तीनच वर्षं गेली. भाषा तिला माणसांबरोबर मिळत गेल्या. बाप तेमने, आई डोंगरातली लिंबा, नवरा नदीकाठचा सुसू, आणि क्रिओ तर बाजारातल्या कोंबड्यांनाही कळते. लढाईच्या वर्षांत नवराबायको सीमेपलीकडे गिनीतल्या छावणीत राहिली. परत आल्यावर चौथ्या वर्षी नवरा होडी उलटून गेला. एकुलती मुलगी शिकून फ्रीटाउनला मास्तरीण झाली. सेंतो गावातच राहिली.

पहिलं बोलावणं आलं त्याला आता नऊ वर्षं झाली. ठाण्यात बायका-मुलांसाठी एक वेगळी खोली होती आणि सार्जंट फोडे यानसाने तिचा मुख्य होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून मुख्य. तो भर बाजारात येऊन ओरडला, "लिंबा कुणाला येते गं इथं?"

"मला येते," सेंतो म्हणाली. "शिव्यांसकट येते. कुठली हवी?"

बायका खिदळल्या. सार्जंट हसला नाही. "ऊठ, आंटी," तो म्हणाला. "एक पोरगी सकाळपासून भिंतीकडे तोंड करून बसलीय. पाणीसुद्धा पीत नाही."

सेंतो गेली. त्या पोरीशी लिंबात दोन शब्द बोलली आणि पोरगी जी बोलायला लागली ती दुपार टळेपर्यंत थांबली नाही. घरी आल्यावर सेंतोनं भात रांधला आणि तसाच शेजारच्या पोरांना वाटून टाकला.

त्यानंतर मुली येत राहिल्या. आखातात घरकामाला, हॉटेलात, शिवणकामाला म्हणून नेलेल्या मुली रोकान्थेवरूनच सीमा ओलांडतात, आणि परत आल्याच तर त्याच रस्त्यानं ट्रकमधून उतरवल्या जातात. अशा मुलीसाठी गावात चार दारं होती. ठाण्यात यानसाने. सरकारी दवाखान्यात फ्रीटाउनहून बदलून आलेली, जाड भिंगांची, कडक नर्स कोकर. टेकडीवर नन्सचं घर, तिथे सहा खाटा आणि सत्तरीच्या सिस्टर जोसेफिना. आणि चौकात औषधाच्या दुकानावरच्या माडीवर वकिलांच्या संस्थेची कचेरी, म्हणजे अलुसिन नावाचा एक तरुण, एक टेबल आणि एक टाइपरायटर. चारही माणसं चांगली होती. चौघांचंही एकमेकांशी पटत नव्हतं. यानसानेला वाटायचं, नन मुलींना लपवतात. सिस्टरना वाटायचं, पोलीस मुलींना विकणाऱ्यांबरोबर बसून जेवतात. नर्स कोकरला वाटायचं की तिघंही आपल्या रोग्यांना छळतात. आणि अलुसिनला वाटायचं की आपण आलो नसतो तर या गावाचं काही खरं नव्हतं.

दर मुलगी चारही दारांना जायची आणि चारही ठिकाणी सेंतो तिच्या शेजारी बसायची.

सुरुवातीला ती "ही म्हणते की" असं म्हणून सांगायची. अलुसिननं तिची ती सवय मोडली. "आंटी, ती 'मी' म्हणाली की तुम्हीही 'मी' म्हणायचं. कोर्टात तसंच लागतं." तेव्हापासून सेंतो 'मी' म्हणू लागली. मला कोंडलं. माझा पासपोर्ट काढून घेतला. मला कुत्र्याच्या थाळीतलं खायला दिलं. ती कधी विमानात बसली नव्हती, पण वाळवंटातल्या त्या घरांतल्या न्हाणीच्या फरश्या कशा रंगाच्या असतात ते तिला ठाऊक झालं होतं. कधी मासे पालटताना आपल्याच तोंडातून काहीतरी निघतंय असं वाटून ती दचकायची, आणि शेजारची भाजीवाली विचारायची, "काय गं, कुणाशी बोलतेस?"

चार वर्षांपूर्वी, कोरडी धुळकट हवा सुटली होती त्या दिवसांत, डँके आली.

डँके एकोणीस वर्षांची, डोंगरातल्या एका लिंबा खेड्यातली. तिला पाठवलं होतं न्यालेनं. न्याले म्हणजे गावात वेण्या घालणारी बाई. तिच्याकडे बसली नाही अशी बाई रोकान्थेत मिळणार नाही, सेंतोसुद्धा दोन सणांना तिच्याच पायाशी बसलेली. न्यालेनं डँकेला गिनीत नेलं, तिथून विमानात बसवलं. चौदा महिने डँके एका घरात कुलपात होती. घरच्या बाईनं एकदा तापलेली इस्त्री तिच्या डाव्या खांद्यावर ठेवली. घरच्या थोरल्या मुलानं काय केलं ते डँके हळू आवाजात आणि भराभरा सांगायची, वाटेतला मोडका पूल ओलांडावा तसं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत एकच चप्पल.

सोमवारी ठाण्यात. यानसानेनं विचारलं: कुणी नेलं, कुठल्या तारखेला, कुठल्या गाडीनं? मंगळवारी दवाखान्यात. नर्स कोकरनं विचारलं: कुठे दुखतं, पाळी कधीची, इथे हात लावला तर? गुरुवारी नन्सच्या घरी. पुढच्या बुधवारी अलुसिनच्या माडीवर, सगळं पहिल्यापासून.

माडीवर खुर्चीत बसल्यावर डँकेनं सेंतोकडे पाहिलं आणि लिंबात म्हणाली, "आंटी, तुम्हाला आता पाठ झालंय ना? तुम्हीच सांगा. मी नुसती बसते."

"काय म्हणतेय?" अलुसिननं विचारलं.

"दमलेय म्हणते," सेंतो म्हणाली.

"थोडंच राहिलंय, सांगा तिला." आणि त्यानं नवा कोरा कागद यंत्रात घातला.

पण गोष्ट बिघडली ती त्याच्या आधी, गुरुवारी, नन्सच्या घरी.

नन्सची पद्धत अशी की मुलीला लवकरात लवकर घरी पोचवायचं. म्हणून सिस्टर जोसेफिनांनी डँकेच्या बापाला निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. म्हातारा पहाटे निघून डोंगर उतरून आला होता. पायांवर धूळ, हातात टोपी, व्हरांड्याच्या कोपऱ्यात उकिडवा बसलेला. त्याला लिंबाखेरीज एक अक्षर येत नव्हतं. सिस्टरनी क्रिओत विचारलं, "बेटा, तू जाणार हे घरी माहीत होतं का?" सेंतोनं लिंबात विचारलं.

डँके बापाकडे न बघता म्हणाली, "बापाला सगळं ठाऊक होतं. त्यानं न्यालेकडून घरावर घालायला पत्रे घेतले. आमच्या घरावर आता पत्रे आहेत."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. त्याचे खांदे सेंतोच्या आजोबांसारखे होते, ओझं उतरवून ठेवल्यावरही वाकलेलेच. सिस्टर सेंतोच्या तोंडाकडे बघत होत्या. खरं सांगितलं तर त्या मुलीला बापाबरोबर पाठवणार नाहीत. ठेवून घेतील म्हणावं तर सहाही खाटा भरलेल्या. मग ती जाणार कुठे? बाजारात झोपणार? हे सगळं एका श्वासात सेंतोच्या डोक्यातून गेलं. आणि ते सगळं एकीकडे, म्हाताऱ्याची ती खाली गेलेली मान एकीकडे.

"घरच्यांना काही ठाऊक नव्हतं," सेंतो म्हणाली.

डँकेला मोडकीतोडकी क्रिओ कळत होती. तिनं चटकन सेंतोकडे पाहिलं. मग तिला वाटलं असावं, आंटी मोठी आहे, तिला कळतं काय बोलायचं ते. ती गप्प राहिली. सिस्टरनी लिहून घेतलं आणि मुलीला बापाबरोबर घरी धाडलं. पुढच्या बुधवारी ती एकटीच डोंगर उतरून माडीवर आली, बाप नव्हता. डँकेनं पत्र्यांचं सांगितलं आणि सेंतोनं ते जसंच्या तसं क्रिओत सांगितलं. त्या वेळी तिला आधीचा कागद आठवला नाही. आठवला असता तरी, एक कागद टेकडीवर, एक माडीवर. त्यांची गाठ कशाला पडतेय!

गाठ पडली कोर्टात. न्यालेच्या वकिलानं चारही ठिकाणचे कागद मागवून घेतले होते आणि ते मॅजिस्ट्रेटपुढे पत्त्यांसारखे मांडले. एका कागदात मुलगी एकोणीस वर्षांची, एकात सतरा. एकात जीप, एकात नुसती 'गाडी', एकात टॅक्सी. एकात न्यालेनं शिवणकाम सांगितलं, एकात घरकाम. एकात बापाला काही ठाऊक नाही, एकात बापानं पत्रे घेतले.

"साहेब," वकील म्हणाला, "या चार डँकेंपैकी कोर्टानं कुठल्या डँकेवर विश्वास ठेवायचा?" मग तो सेंतोकडे वळला. "विचारा तिला. खोटं कधी बोलली? सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी की बुधवारी?"

सेंतोनं विचारलं. तिच्या जिभेला ते शब्द खडीसारखे लागले.

डँके सरळ तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी चारही वेळा तेच सांगितलं."

आता सेंतोला ते कोर्टाला सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं. 'गुरुवारी खोटं मी बोलले, हिनं नाही', एवढंच वाक्य पुरे होतं. ते ओठापर्यंत आलं. समोर मॅजिस्ट्रेट, बाजूला हवालदार, मागच्या बाकावर अर्धा बाजार. कोर्टात शपथ घेणाऱ्या दुभाष्यानं कुठेही खोटं सांगितलं तर तुरुंग असतो, हे तिला अलुसिननंच कधीतरी सांगितलं होतं.

"मी चारही वेळा तेच सांगितलं," सेंतो म्हणाली, आणि खाली बसली.

न्याले सुटली. बाहेर पडताना तिनं सेंतोला हात जोडल्यासारखं करून म्हटलं, "आंटी, सणाला ये हो. तुझे केस फार तुटलेत."

डँके पुन्हा बापाच्या घरी गेली. तीन आठवड्यांत ती तिथून नाहीशी झाली. कुणी म्हणालं, दुसरीच एक बाई येऊन घेऊन गेली. कुणी म्हणालं, आपणच चालत गेली, गावात तिला 'कोर्टातली खोटारडी' म्हणून चिडवत होते.

पाच महिन्यांनी नर्स कोकर बाजारात आली. ती कधी बाजारात यायची नाही, मासे तिच्या घरी पोचते व्हायचे. तिच्या हातात एक कागद होता, सीमेपलीकडच्या एका दवाखान्यातून ट्रकवाल्याबरोबर आलेला. तिकडे एक बेवारशी मुलगी तापानं गेली होती आणि तिकडच्या डॉक्टरनं सीमेवरच्या सगळ्या दवाखान्यांना विचारणा केली होती. वय अंदाजे पंचवीस. डाव्या खांद्यावर जुना भाजल्याचा व्रण, इस्त्रीच्या आकाराचा, टोक मानेकडे.

"माझ्या कागदावर असंच आहे," नर्स कोकर म्हणाली. "टोक मानेकडे. मीच मोजून लिहिलं होतं." तिनं चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "पुरलंसुद्धा त्यांनी. बारा दिवस झाले."

बापाला सांगायला कोण जाणार? चारही दारं एकमेकांकडे बघू लागली. यानसाने म्हणाला, मेलेल्याचं काम आमच्या खोलीचं नाही. अलुसिन म्हणाला, खटला संपलाय. सिस्टरना डोंगर चढवत नव्हता. शेवटी सेंतो ओकाडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलच्या, मागे बसून गेली, जिथे रस्ता संपला तिथून चालत गेली.

म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. घरातल्या बायकांनी हंबरडा फोडला. तो बाहेर येऊन सेंतोजवळ बसला. डोक्यावर पत्रे उन्हानं तडतडत होते. तो म्हणाला, "त्या दिवशी सिस्टर मला काही बोलली नाही, तेव्हाच कळलं. तू माझी लाज राखलीस, बाई. मी विसरलो नाही." आणि त्यानं आत जाऊन एक कोंबडी आणली, पाय बांधलेली, आणि तिच्या मांडीवर ठेवली.

सेंतो कोंबडी तिथेच ठेवून उठली आणि डोंगर उतरू लागली. वाटेत ओढ्यापाशी थांबून तिनं मांडीवरचा लाप्पा पुन्हा पुन्हा धुतला.

दुसऱ्या दिवशी यानसानेचा हवालदार बोलवायला आला. दोन मुली उतरल्या होत्या, एक सुसू, एक लिंबा.

"नाही येत," सेंतो म्हणाली.

हवालदाराला वाटलं थट्टा करतेय. मग स्वतः यानसाने आला. "काय झालं आंटी? ताप आलाय का?"

"ताप नाही. मी एकदाच बोलणार. तुम्ही चौघं एका खोलीत बसा, तेव्हा बोलणार. चार ठिकाणी जाऊन चार वेळा पोरीला सोलायला मी येणार नाही."

"चौघं एका खोलीत?" यानसाने हसला. "अगं, चार सवती एका चुलीवर रांधतील, पण ती नर्स आणि ती म्हातारी..."

"मग रांधू नका. मासे हवेत का?"

अलुसिन आला. त्यानं समजावलं की प्रत्येक संस्थेची कागदाची तऱ्हा वेगळी, फ्रीटाउनची कचेरी दुसऱ्यांचा कागद चालवून घेणार नाही, पैसे देणारे परदेशातले, त्यांना आपापल्या रकान्यांत मुली मोजायच्या असतात. सेंतो मासे पालटत राहिली. नर्स कोकर म्हणाली, रोग्याची गोष्ट पोलिसासमोर काढणं हे माझ्या शपथेविरुद्ध आहे. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि सेंतोनं तसं कबूलही केलं. "पण नर्सबाई, तुमच्या शपथेनं आणि माझ्या शपथेनं मिळून डँकेला काय दिलं?"

अकरा दिवस ती उठली नाही. गावात लिंबा बोलणारे आणखीही होते, पण असल्या गोष्टी बोलायला कुणी तयार होईना. आणि जे तयार होते त्यांच्यातला एकजण न्यालेचा भाऊ निघाला. ते अकरा दिवस सेंतोला सोपे गेले असं कुणी समजू नये. त्या दोन मुली ठाण्याच्या ओट्यावर बसलेल्या तिला बाजारातून दिसत होत्या. ती त्यांना कसाव्याच्या पाल्याची भाजी आणि भात पाठवायची, पण स्वतः जायची नाही. सातव्या दिवशी लिंबा मुलगी ओट्यावरून उठली आणि कुणाला काही न सांगता निघून गेली. तिचं नाव काय होतं तेही कुणाला कळलं नाही. यानसाने बाजारात येऊन सर्वांदेखत ओरडला, "ही तुझ्या हट्टापायी गेली, आंटी! हिचं पाप तुझ्या डोक्यावर!"

"माझ्याच," सेंतो म्हणाली. "एक आधीचंही आहे. बसा एकत्र, मग सांगते."

बाराव्या दिवशी ते बसले. दवाखान्यात लस टोचायची खोली होती. गुरुवारी ती रिकामी असायची आणि दवाखान्यात शिरणाऱ्या मुलीकडे कुणी वळून बघत नाही. पहिला तास कागदावर कुणाचा शिक्का वर आणि कुणाचा खाली, यातच गेला. सिस्टर म्हणाल्या, मुलगी आमच्या छपराखाली झोपते तर कागद आमच्या कपाटात राहील. यानसाने म्हणाला, गुन्ह्याचा कागद कपाटात नसतो, ठाण्यात असतो. अलुसिन घड्याळ बघत होता.

सेंतो दाराजवळच्या बाकावर होती. ती उभी राहिली.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "डँकेच्या चार कागदांत बापाचं जे दोन तऱ्हांनी आलं, ते तिनं नाही केलं. गुरुवारी ती खरं बोलली होती. मी फिरवलं. म्हाताऱ्याची दया आली मला, आणि खाटा भरलेल्या होत्या. कोर्टात मला बोलता आलं असतं. मी घाबरले."

सिस्टर जोसेफिना हळूच म्हणाल्या, "माझ्या व्हरांड्यात? माझ्या तोंडावर?"

"हो, सिस्टर."

"मी तिला त्या घरी पाठवलं. तू म्हणालीस म्हणून पाठवलं." म्हाताऱ्या ननचा हात काठी शोधू लागला. "मी तिच्यासाठी तांदूळ बांधून दिला बरोबर." त्या काठी घेऊन उठल्या आणि एकाही माणसाकडे न बघता बाहेर गेल्या.

बाकीचे बसून राहिले. मग यानसाने, जमिनीकडे बघत, म्हणाला, "जीप मी लिहिली. ती गाडी म्हणाली होती. रकान्यात कुठली गाडी असं होतं, रिकामा सोडला की साहेब ओरडतात."

"वय मी दातांवरून लिहिलं," नर्स कोकर म्हणाली. "विचारायचं राहून गेलं."

अलुसिननं काही कबूल केलं नाही. पण त्यानं घड्याळ बघायचं सोडलं आणि खिशातून पेन काढलं.

त्या दुपारी ठरलं ते असं. मुलगी एकदाच सांगेल, याच खोलीत, आधी खाऊन-झोपून झाल्यावर. विचारेल एकटी नर्स. बाकीच्यांनी आपले प्रश्न आदल्या दिवशी तिच्याकडे द्यायचे आणि पडद्यामागे गप्प बसायचं. अंग तपासलं ते तेवढं नर्सपाशीच राहील, पोलिसाला मुलीच्या परवानगीनं मिळेल. घरचं कुणी खोलीत नको, बाप असो की आई. कागद एकच, त्याच्या चार प्रती. आणि शेवटी तो कागद मुलीला तिच्या भाषेत वाचून दाखवायचा, ती हो म्हणाली तरच अंगठा. एक अट सेंतोनं स्वतः घातली: तिच्या शेजारी ती भाषा जाणणारं आणखी एक माणूस बसेल, सेंतोचं तोंड तपासायला.

"तुझ्यावर आमचा विश्वास आहे, आंटी," अलुसिन म्हणाला.

"माझा नाही," सेंतो म्हणाली.

लिंबासाठी शाळेतल्या एका बाई आल्या, सुसूसाठी मशिदीत झाडलोट करणारी विधवा. सिस्टर जोसेफिना दोन आठवडे आल्या नाहीत. तिसऱ्या गुरुवारी काठी टेकत आल्या, पडद्यामागे बसल्या आणि जाताना दुसऱ्या मुलीला, त्या ओट्यावरच्या सुसू मुलीला, बरोबर घेऊन गेल्या. सेंतोशी त्या बोलल्या नाहीत. पुढेही, काही सांगायचं झालं तर नर्सला सांगायच्या, "त्या बाईंना म्हणावं."

त्या सुसू मुलीचं नाव रुगियातू. त्याच गुरुवारी तिचं सांगून झालं, कागद वाचून झाला, दोन ठिकाणी तिनं चूक काढली, ती दुरुस्त झाली, अंगठा उठला. उठताना तिनं विचारलं, "आता पुढचं कुठे सांगायचं?"

"कुठेच नाही," सेंतो म्हणाली. "झालं. कोर्टात उभं राहायची वेळ आली तर तेवढंच."

रुगियातूला ते खरं वाटलं नाही. त्यानंतर पाच दिवस ती रोज सकाळी अंघोळ करून, धुतलेला लाप्पा नेसून, नन्सच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. कुणीतरी न्यायला येईल म्हणून. सहाव्या दिवशी ती उशिरापर्यंत झोपली. सिस्टरनी तिला उठवू दिलं नाही.

तिचा खटला उभा राहिला. समोरच्या वकिलानं चार कागद मागवले तर चारही अक्षरन् अक्षर एकसारखे निघाले. तिला सीमेपार नेणाऱ्या ट्रकवाल्याला शिक्षा झाली. त्याला पाठवणारी माणसं मिळाली नाहीत. न्याले गाव सोडून गेली. तालुक्याच्या गावी तिचं वेण्यांचं नवं दुकान आहे, भिंतीला आरसे लावलेलं, आणि गर्दी असते म्हणतात. डँकेच्या खटल्यातलं आपलं खोटं लेखी द्यायला सेंतो त्याच वर्षी अलुसिनबरोबर कोर्टात गेली होती. कारकुनानं कागद घेतला, फायलीत घातला, म्हणाला कळवू. अजून कळवलेलं नाही. त्याचं भय आता तिला उरलेलं नाही, पण दारात खाकी कपडा दिसला की ती हातातलं काम खाली ठेवते.

चौघांची घडी बसलीय असं म्हणता येणार नाही. यानसानेची बदली झाली. नवा सार्जंट पहिल्याच गुरुवारी पडद्याबाहेर येऊन मुलीला दरडावून विचारायला लागला, तेव्हा नर्स कोकरनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि त्यावरून तीन महिने ठाण्याचं आणि दवाखान्याचं बोलणं बंद होतं. अलुसिनच्या संस्थेचे परदेशातले पैसे आटले, माडीला कुलूप लागलं. तो आता फ्रीटाउनहून महिन्यातून एकदा स्वतःच्या खर्चानं येतो, न आला तर फोनवर ऐकतो. खाटा सहाच आहेत. आलेल्या मुलींपैकी निम्म्या अजूनही पुन्हा तोच रस्ता धरतात. अडवण्यासारखं हातात काही नाही.

गेल्या आठवड्यात एक नवी मुलगी उतरली, फुला जमातीची, गुरं राखणाऱ्यांतली. सेंतोला फुला कळते, छावणीत ऐकून ऐकून, पण असलं बोलण्याइतकी येत नाही. अर्धीमुर्धी भाषा घेऊन बसायचं नाही असं तिनं ठरवलेलं. म्हणून बुधवारी सकाळी माशांवर गोणपाट टाकून ती खाटकांच्या गल्लीत गेली. तिथे एका खाटकाची बायको, जेनाबू नावाची, दारात बसून दूध घुसळत होती.

"फुला बोलणारी बाई हवीय मला, उद्यासाठी," सेंतो म्हणाली. "दवाखान्यात."

"कुणी आजारी आहे का?"

"एका मुलीला काही सांगायचंय. वाईट आहे. तुला तसंच्या तसं सांगता येईल का? मधे दया आली तरी?"

जेनाबूनं रवी थांबवली. "दया येण्यासारखं आहे का?"

"हो."

जेनाबूनं आत हाक मारून सासूला मडक्यापाशी बसायला सांगितलं आणि सेंतोला म्हणाली, "बस. आधी मला सांग, खोलीत कोण कोण असतं."

सेंतो उंबऱ्यावर बसली आणि सांगू लागली.